कोलूसमोर गायलेलं गाणं

त्या घरात ब्रेड फक्त ताप आलेल्या माणसाला देत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. मी मॉरिशसची. आमच्या गावात दुपार कलली की पावाची गाडी भोंगा वाजवत येते आणि घराघरातून पोरं पळत सुटतात. चहाबरोबर लोणी लावलेला पाव नसेल तर आमच्या माणसाला दिवस संपल्यासारखं वाटत नाही. मद्रासच्या मैलापुरात आल्यावर पंधरवडाभर मी भात खाल्ला. सकाळी इडली, दुपारी सांबार भात, सार भात, ताक भात, संध्याकाळी उरलेल्या भाताचं काहीतरी. सगळं चवीचं, सगळं गरम, पुढ्यात प्रेमानं वाढलेलं. तरी एके दिवशी गाण्याच्या क्लासवरून येताना मी बेकरीतून अर्धा पाव घेतला आणि गच्चीवर, वाळत घातलेल्या साड्यांच्या आड बसून कोरडाच खाल्ला. चोरी केल्यासारखा. अक्का वाळवण उचलायला वर आल्या, मला तसं पाहिलं, आणि त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला.

"ज्वर नाही," त्या म्हणाल्या. "मग ब्रेड का खातेस गे?"

मी म्हटलं, "आभारी आहे." कशाबद्दल, ते देवाला ठाऊक.

अक्का म्हणजे मी राहत होते त्या घराच्या मालकीणबाई. घर तंजावूरकडच्या मराठी लोकांचं. अक्का, त्यांचे यजमान रावमामा, आणि सून जानकी. मुलगा बंगळूरला बँकेत होता, शनिवारी रात्री यायचा. पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात राहून त्यांनी मराठी जपलं होतं, पण ते असं की ऐकताना वाटावं, शब्द आपले आहेत आणि चाल शेजाऱ्यांची आहे. 'अंमळ', 'उदक', 'ज्वर' असले शब्द मी फक्त वडिलांच्या बैठकेतल्या पुस्तकात पाहिले होते. आमच्याकडे बैठका म्हणजे गावातली संध्याकाळची शाळा. दिवसभर उसाच्या कामावरून आलेले वडील तिथे कंदिलाखाली आम्हाला मराठी वाचायला शिकवत. घरात मात्र आम्ही क्रिओल बोलायचो. म्हणजे माझं मराठी पुस्तकातलं, यांचं जुन्या काळातलं. जेवताना दोघंही हळूहळू बोलायचो. रावमामांना मात्र बोलण्याची घाई असे. सांबार हे तमिळ लोकांचं नव्हेच, ते आपल्या तंजावूरच्या राजवाड्यात जन्मलं, हे त्यांनी मला पहिल्याच जेवणात सांगितलं आणि पुढेही बहुतेक प्रत्येक जेवणात सांगितलं. अक्का वाढता वाढता म्हणत, "जन्मलं तेव्हा हे तिथंच उभे होते, पळी घेऊन."

मी शाळा लवकर सोडली होती. सोडली म्हणजे शाळेनंच मला सोडलं. प्राथमिकच्या शेवटच्या परीक्षेत एकदा नापास झाले, पुन्हा बसले, पुन्हा नापास झाले, आणि आमच्याकडे त्या काळी तिसरी संधी नसे. मग स्वेटरच्या कारखान्यात लागले. दिवसभर बाह्या जोडायच्या. मशीनच्या आवाजावर आवाज चढवून आम्ही मुली गायचो, त्यामुळे माझा गळा मोठा झाला. चांगला झाला की नाही ते मला माहीत नव्हतं. गणपतीत आमच्या गावी मद्रासहून एक गाणाऱ्या बाई आल्या होत्या. त्यांनी माझी आरती ऐकली आणि वडिलांना म्हणाल्या, मुलीला माझ्याकडे पाठवा, मी शिकवते. एवढ्यावर मी विद्यार्थिनीचा व्हिसा घेऊन समुद्र ओलांडून आले. परदेशी लोकांची नोंद करतात त्या कचेरीत साहेबांनी विचारलं, शेवटची कोणती परीक्षा पास? मी गप्प. त्यांनी वर पाहिलं, माझं तोंड त्यांच्या घरातल्या पोरींसारखंच, आणि त्यांना वाटलं मला इंग्रजी कळलं नाही. त्यांनी तमिळमधून विचारलं. तेव्हा मी रडले.

क्लासात मला सहा-सात वर्षांच्या मुलांबरोबर बसवलं. टीचरांचं, म्हणजे त्या गाणाऱ्या बाईंचं, बरोबरच होतं. पाया तिथूनच घालायचा असतो. सा रि ग म प ध नि सा, वर जायचं, परत खाली यायचं. याला इथे सरळी म्हणतात. पोरांचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागायचे, आणि त्यांना जे एका दमात यायचं ते मला येत नसे, कारण ती मुलं पाळण्यात असल्यापासून ते ऐकत आलेली. टीचर म्हणायच्या, वर्षभर बाहेर कुठे गायचं नाही. घरी मी यातलं काही सांगितलं नव्हतं. 'सुनीता संगीत शिकायला परदेशातून आली आहे' एवढंच रावमामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि मी खाली मान घालून कॉफी पीत असे. तीही मला नीट पिता येत नसे. तिथली माणसं पेला ओठांना न लावता वरून घशात कॉफी सोडतात. माझ्या सगळ्या ब्लाउजांवर त्या कॉफीचे डाग होते.

आता, इतक्या वर्षांनी, त्याच शहरात अड्यारला माझ्याकडे मुलं सरळी शिकायला येतात. त्यात एखादी मोठी मुलगी असली, नोकरी करून येणारी, तर मी तिला लहानांत बसवत नाही. वेगळी वेळ देते. तिला वाटतं, मी तिच्या सोयीसाठी करते.

दोन गोष्टींवरून मला अक्कांची बोलणी खावी लागत. एक, आभार. मी कशालाही आभार मानायची. पाणी दिलं, आभारी आहे. दिवा लावला, आभारी आहे. मला भीती असायची, की आभार मानायचे राहिले तर यांच्या लक्षात येईल की आपण हिला फुकटच ठेवून घेतलंय. अक्का वैतागून म्हणत, "घरात आभार मानतात का गे? ही काय सभा आहे?" आणि दुसरी, सकाळी निघताना मी दारातून म्हणायची, "जाते." आमच्या क्रिओलमध्ये तसंच म्हणतात, जातो तर जातो. अक्का आतून ओरडत, "येते म्हण!" मी परत फिरून उंबऱ्याशी येऊन म्हणायची, "येते." मग आतून शांतपणे, "ये." रोज चुकायची मी. जानकी हसायची. ती माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, कुंभकोणमची, गोरीपान, डोक्यात कायम मोगरा; मराठीपेक्षा तमिळ तिला सोपं जाई. त्या घरात मला न घाबरवणारी एकटी तीच होती. ब्रेडचं कळल्यावर तिनं एकदा भाजी आणायच्या निमित्तानं स्वतःच पाव आणला, आणि आम्ही दोघींनी गच्चीवर साखर लावून खाल्ला. तेव्हाच तिनं सांगितलं, दिवस गेलेत. आदल्या वर्षी तिचं एक मूल पोटातच गेलं होतं. त्यामुळे या खेपेला घरात त्या गोष्टीचं नाव मोठ्यानं कुणी घेत नव्हतं.

नवरात्र आलं. तिकडे नवरात्रात घराघरात कोलू मांडतात. भिंतीला टेकून पायऱ्या रचायच्या, त्यावर पांढरं धोतर अंथरायचं आणि वर बाहुल्या मांडायच्या: देव, राजाराणी, वाणी आणि त्याची बायको, लग्नाची वरात. अक्कांच्या बाहुल्या वर्षभर जुन्या साड्यांत गुंडाळून ट्रंकेत असत. एकेक उलगडताना त्या तिच्याशी बोलत. रोज संध्याकाळी शेजारच्या बायका हळदीकुंकवाला यायच्या, आणि रोज नव्या कडधान्याची खोबरं घातलेली उसळ, सुंडल, द्रोणातून वाटायची. मोहरी-कढीपत्त्याचा तो वास मला अजून कुठे आला की माझे कान तापतात. कारण तिथली रीत अशी, की कोलू बघायला आलेल्या बाईनं किंवा मुलीनं कोलूसमोर बसून एक गाणं म्हणायचं. सगळ्या म्हणतात. मैलापुरात गाता न येणारी बाई मला तरी भेटली नाही.

मी चार संध्याकाळी स्वयंपाकघरात द्रोण भरत लपून काढल्या. पाचव्या दिवशी पट्टू मामी आल्या. या शेजारच्या तमिळ बाई, जाड भिंगाचा चष्मा, सगळ्यांच्या घरातलं सगळं ठाऊक. बरोबर नात, माझ्याच क्लासातली. नातीनं मांडी घातली आणि असं गाणं म्हटलं की मी दारातच थिजले. मग मामींनी मला पाहिलं.

"मॉरिशस पोण्णु! पाडु मा. आमच्या पोरीबरोबरच शिकतेस ना?"

मॉरिशसची मुलगी, गा, असं त्या तमिळमधून म्हणाल्या, आणि 'पोरीबरोबरच' म्हणताना हसल्या. रावमामांनी कौतुकानं मला पुढे बोलावलं. "गा गे. संकोच कसला? मराठीच म्हण काहीतरी, हे मराठी घर आहे." जानकीनं सरकून शेजारी जागा केली आणि माझा हात ओढून मला बसवलं.

सरळी म्हणणं शक्य नव्हतं; त्या नातीच्या गाण्यानंतर कशी म्हणणार? आणि मराठी म्हणायचं तर पहिल्यापासून शेवटपर्यंत येणारं माझ्यापाशी एकच गाणं होतं. ते आईचं. तिला तिच्या आईनं दिलेलं. आमच्या घरात ते एरवी कधी म्हणत नसत. कुणी दूर निघालं तरच. काका फ्रान्सला कामाला गेले तेव्हा म्हटलं, आणि मी निघाले तेव्हा आईनं पडवीत बसून माझ्यासाठी म्हटलं. मला वाटलं, याहून आपलं असं मी यांना काय देऊ? मी डोळे मिटले आणि कारखान्यातल्या गळ्यानं सुरू केलं.

तुळशीचं पान बाई, घे ग मुखात,
दिवा मी लाविते दक्षिणेच्या वाटेत.
भाताचा गोळा बाई, ठेविला दारी,
मागं नको पाहू नदीच्या पारी.

पहिल्या ओळीला रावमामा मांडीवर ताल धरत होते. मला तो ऐकू येत होता, आणि ऐकता ऐकता तो थांबला. मला वाटलं, ते भारावले. मी आणखी आवाज लावला. डोळे उघडले तेव्हा जानकी शेजारी नव्हती. अक्का कुंकवाची कोयरी हातात घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांचं तोंड कोलूवरच्या बाहुलीसारखं झालं होतं. तरी मी थांबले नाही, आणि त्यांनीही थांबवलं नाही. ते गाणं अर्ध्यावर सोडणं आणखी वाईट, असं त्यांना वाटलं असावं. मी शेवटचं कडवंही म्हटलं.

मडकं फोडिलं बाई, अंगण सारविलं,
तुझं नाव घेणं आम्ही आजपास्नं सोडिलं.

"रोंब नल्ला इरुक्कु," पट्टू मामी म्हणाल्या. फार छान. त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. अक्कांनी कोयरी खाली ठेवली, समईत आणखी एक वात लावली आणि कोलूसमोर बसून मंगळम् सुरू केलं. शेवटी म्हणायचं ते शुभाचं गाणं. अक्कांना मी त्याआधी कधी गाताना ऐकलं नव्हतं. बायका एकमेकींकडे बघत होत्या, की अजून सुंडल वाटायचं आहे आणि मंगळम् कसं?

सगळ्या गेल्यावर रावमामांनी विचारलं, "हे तुला कोणी शिकवलं?"

"आईनं. कुणी लांब जाताना म्हणतात."

अक्का म्हणाल्या, "लांब नाही गे. मेलेल्या माणसाला सांगतात ते. घरातून काढायच्या वेळी."

तुळशीचं पान, भाताचा गोळा, दक्षिणेचा दिवा. लहानपणी मी आईला विचारलं होतं, तुळस कशाला? ती म्हणाली, खोकल्याला. भात? वाटेत भूक लागली तर. मडकं का फोडलं? जुनं असेल. आमच्याकडे माणूस गेलं की मोटार येते, बायका दारातूनच मागे फिरतात. पुढचं मी कधी पाहिलंच नव्हतं. पण बैठकेत मराठी वाचलेली मुलगी मी. न कळण्याजोगं त्यात काय होतं? जानकीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून काहीही आवाज येत नव्हता. तिनं मला हात धरून बसवलं होतं. तिच्या पोटाशी बसून मी ते म्हटलं होतं.

मी खोलीत जाऊन बॅग भरायला घेतली. अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. "कोठे जाशील?" मी म्हटलं, कुठेही. त्या म्हणाल्या, "आज सणाच्या दिवशी घरातून कुणी जायचं नाही. एक झालं तेवढं पुरे." त्यात माया किती आणि भीती किती, ते मला आजही सांगता येणार नाही. मी राहिले.

दुसऱ्या दिवशी रावमामा माझ्याशी बोलले. ते खिडकीबाहेर बघत बोलत होते. "तुझ्या लोकांना उसाच्या कामाला जहाजात घालून नेलं. तेव्हा समुद्र ओलांडलेला माणूस परत येत नसे, आणि आलाच तर घरात घेत नसत. घरच्यांनी त्यांचे दिवसच घातले असतील." मग म्हणाले, "तुझी खापरपणजी ते गाणं ऐकून निघाली असेल गे. तिला वाटलं, निघताना असंच म्हणतात."

मी एसटीडीच्या बूथवरून गावच्या दुकानात फोन लावला. दुकानदारानं आईला बोलावून आणलं. मी सगळं सांगितलं आणि विचारलं, तुला ठाऊक होतं? तारेवर खरखर आली. मग ती म्हणाली, "ठाऊक होतं."

"मग मला का म्हटलंस?"

"दुसरं कुठलं येतं मला?" आई म्हणाली.

त्यानंतरचे महिने आठवायला मला आवडत नाही. जानकी भांडली नाही, टाकून बोलली नाही. फक्त मी दिलेली कॉफी ती खाली ठेवून द्यायची आणि ती तशीच निवायची. जिन्यात मी समोरून आले की ती पदर पोटावर ओढून बाजूला व्हायची. मी पावलांचा आवाज न करता चालायला शिकले. पाऊस आला आणि गेला, मार्गळीचा, म्हणजे धनुर्मासाचा, महिना आला, पहाटे अंधारात बायका दारापुढे रांगोळीचे मोठमोठे कोलम काढायला लागल्या, संगीत सभांमधून गाणी सुरू झाली, आणि मी प्रत्येक सकाळी आधी कान देऊन ऐकायची, जानकी उठली का, चालली का, उलटी झाली का. तिला जरा कळ आली की अक्का माझ्याकडे बघत नसत, मुद्दाम बघत नसत. मला काही झालं तरी चालेल, तिचं मूल राहू दे, असं मी देवाला म्हणायची. आणि दुसऱ्या क्षणी मला कळायचं की मी मुलासाठी मागत नाही, मी या घरात तोंड दाखवता यावं म्हणून मागते आहे. ही लाज मी कुणाला सांगितली नव्हती. ती आज इथे लिहिली.

सातव्या महिन्यात वळैकाप्पू झालं. हे तिकडचं डोहाळजेवण: पोटुशीच्या दोन्ही हातांत बायका काचेच्या बांगड्या भरतात, की त्यांची किणकिण पोटातल्या जिवाला ऐकू जावी, मग माहेरची माणसं तिला घेऊन जातात. घर माणसांनी भरलं. चिंचेचा भात, लिंबाचा भात, खोबऱ्याचा भात, दहीभात. मी गच्चीवर साड्यांच्या आड होते. खालून गाणी ऐकू येत होती. मग पट्टू मामींची नात वर आली आणि म्हणाली, "जानकी अक्का बोलावतेय."

मी गेले. जानकी पाटावर बसली होती, उजवा हात कोपरापर्यंत लाल-हिरवा, डाव्या हातात कडुलिंबाच्या काडीची एक बांगडी आणि पुढे थोड्या काचेच्या. मामी पुटपुटल्या, लग्न न झालेलीनं कशाला? अक्का म्हणाल्या, "कुमारिका चालते. बस गे." मी एक बांगडी घेतली. ती तिच्या बोटांच्या पेरांवर अडकली. जानकीनं हात सैल सोडला आणि ती आपोआप आत गेली.

"आता गा," ती म्हणाली.

मी नाही म्हणून मान हलवली.

"ते नको," जानकी म्हणाली. "दुसरं येत असेल ते."

मला दुसरं जे येत होतं ते मी म्हटलं. सा रि ग म प ध नि सा. सा नि ध प म ग रि सा. मुलं म्हणतात तसं, हळू, मांडीवर बोटं मोजत. एक बाई खुदकन हसली. पट्टू मामींच्या नातीला मात्र ते आपलं वाटलं, ती माझ्या शेजारी येऊन टेकली आणि म्हणायला लागली. आम्ही वर गेलो, खाली आलो, पुन्हा वर गेलो, पुन्हा खाली येऊन 'सा'वर थांबलो. रावमामा दाराबाहेर पुरुषांत उभे होते. त्यांच्या हाताचा ताल मला ऐकू आला, आणि तो शेवटपर्यंत थांबला नाही.

संध्याकाळी कुंभकोणमची गाडी दाराशी लागली. सगळ्यांच्या पाया पडून जानकी उंबऱ्याबाहेर आली. बायका घरात गजरे सोडवत होत्या, अक्का सामान मोजत गाडीपाशी. दारात मी एकटी होते. तिनं पायात चप्पल सरकवली, एका हातानं कंबर धरली. सगळ्या बांगड्या एकदम वाजल्या.

"येते," ती म्हणाली.

आमच्या घराण्यात दाराशी उभं राहून कुणी कुणाला परत बोलावल्याचं मला ठाऊक नव्हतं. माझ्या तोंडाला ते वळणच नव्हतं, म्हणून ती गाडीत बसेपर्यंत मला बोलता आलं नाही. मग मी पायरी उतरून काचेपाशी गेले.

"ये," मी म्हटलं.